फुटलेली बोंडं झाडावर ठेवू नका

कपाशी फुटू लागली की वेचणी लांबवू नका. मजूर नाहीत, भाव चढू दे, सगळं एकदमच वेचू... तोवर ढेकूण (घरातले नव्हे, कपाशीवरचे रस शोषणारे किडे) सरकीतला, म्हणजे कपाशीच्या बियांतला, रस पिऊन मोकळे होतात. बोंड वरून पांढरंशुभ्र दिसतं, आत सरकी पोचट. बियाण्याला ठेवली तर उगवत नाही, घाण्याला घातली तर तेल कमी पडतं.

फुटलेलं बोंड तळहातावर झटका. ४-५ मिमी लांबीचे करडे-काळपट, पारदर्शक पंखांचे किडे आणि नारिंगी-लाल पोटाची पिल्लं सैरावैरा पळाली, तर तो करडा ढेकूण, ऑक्सिकॅरेनस. तो अर्धवट उमललेल्या बोंडाच्या कापसातच अंडी घालतो. म्हणजे बोंड जितके दिवस लटकलं, तितकी त्याची सोय. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करताना, चिरडला की रुईला डाग पडतो तो वेगळाच.

लाल ढेकूण आकाराने मोठा, बहुधा जोडीने दिसतो, अंडी मातीत घालतो. त्याचं कुळ वेगळं, पायरोकोरिडी.

तिसरा मात्र मारू नका. जिओकोरिस: बारीक, रुंद डोक्याचा, डोळे बाहेर आलेले. पूर्वी करडा ढेकूण आणि हा एकाच लायगॅईडी कुळात धरत. १९९७ मध्ये थॉमस हेन्री यांनी ते कुळ फोडल्यावर दोघांची कुळं वेगळी झाली. करडा सरकी शोषतो, जिओकोरिस मावा, फुलकिडे, पांढरी माशी आणि बोंडअळीची अंडी फस्त करतो. दुकानदार दोन-तीन औषधं एकत्र करून 'सगळंच साफ' म्हणतो, त्यात पहिला हाच मरतो. शिवाय फुटलेल्या बोंडावर मारलेलं विष थेट कापसात, आणि वेचणाऱ्या बायांच्या हातांवर.

बांधावरच्या अंबाडीवर करडा दिसला की आठवडाभरात तो कपाशीत येतो, असा माझा अंदाज. तेव्हाच वेचणीची माणसं सांगून ठेवा.

बाकीची कामं:
- दव वाळल्यावर वेचणी
- बोंडं साबणाच्या पाण्याच्या बादलीत झटकणे
- बांधावरची पेटारी, अंबाडी काढणे
- वेचलेला कापूस उन्हात पसरणे

फवारायचंच असेल तर आधी फुटलेलं सगळं वेचा, मग ५ टक्के निंबोळी अर्क (१०० लिटर पाण्यात ५ किलो निंबोळ्यांची भुकटी). रासायनिक बाटलीच्या लेबलवर कपाशी आणि ढेकूण दोन्ही छापलेले नसतील तर ती परत करा.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक, तर ठेवूच नका. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटा. बांधावर तिचे ढीग लावू नका, त्यातल्या कवडी (किडक्या, नीट न उमललेल्या) बोंडांतही ढेकूण तग धरतात.