इंदूरला पगाराचं खातं उघडण्याआधी

इंदूरला आल्यावर घर, शाळा, गॅस यांबद्दल सांगणारे खूप भेटतील. राजेंद्रनगर, सुदामानगर, टिळकनगर या भागांत तर मराठीत विचारून काम होतं. मी सांगणार आहे ते पगाराच्या खात्याबद्दल, कारण त्यात आमचे हात पोळलेत.

2008 मध्ये साताऱ्याहून इथे आलो तेव्हा तिकडच्या एका बँकेत माझं वैयक्तिक कर्ज होतं आणि तीन हप्ते थकले होते. नव्या कंपनीने पगाराचं खातं त्याच बँकेच्या इंदूर शाखेत उघडून दिलं. शाखा वेगळी, राज्य वेगळं, खाते क्रमांक वेगळा, म्हणून मी निर्धास्त होतो. दुसरा पगार जमा झाला आणि तिसऱ्या दिवशी खातं जवळजवळ रिकामं! घरभाड्याचा चेक परत गेला. शाखेत विचारलं तर उत्तर आलं, ‘आपके लोन में एडजस्ट हो गया.’ घरमालकांसमोर उभं राहताना बायकोला काय वाटलं असेल, ते मी अजून विसरलेलो नाही.

राग आला, पण देणं माझंच होतं. कायद्याच्या नजरेत सगळ्या शाखा मिळून एकच बँक. एकाच माणसाची, एकाच नात्याने (म्हणजे स्वतःची म्हणून, दुसऱ्या कुणाच्या वतीने किंवा भागीत नव्हे) असलेली खाती एकत्र धरून थकलेली रक्कम वळती करून घ्यायचा हक्क बँकेला असतो. यालाच सेट-ऑफ म्हणतात. त्या वेळी वेगळी संमती विचारत नाहीत, कारण कर्जाच्या किंवा क्रेडिट कार्डाच्या कागदांवर आपण आधीच सही केलेली असते. लियन म्हणजे रक्कम किंवा ठेव अडवून ठेवणं. काउंटरवर ‘लियन लगा है’ ऐकलंत तर पैसे गेलेले नाहीत, अडकलेत, एवढं समजा आणि त्याच दिवशी कारण लेखी मागा.

या हक्काला हद्दही आहे. देणं ठरलेलं आणि मुदत उलटलेलं हवं. पुढच्या महिन्याच्या हप्त्यासाठी आज हात घालता येत नाही. तुमच्या एकट्याच्या कर्जापोटी आईबरोबरच्या संयुक्त खात्यातले पैसे सहसा घेता येत नाहीत, कारण ते पैसे तुमच्या एकट्याचे नाहीत. भागीदारीच्या दुकानाचं किंवा विश्वस्त म्हणून ठेवलेलं खातंही वेगळंच. पण कुणाला जामीन राहिला असाल तर सावध. कर्जदाराने हात वर केले आणि बँकेने तुमच्याकडे मागणी केली की ते देणं तुमचंच होतं. नात्यापोटी सही करणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही.

म्हणून जुनी थकबाकी असेल तर पगार दुसऱ्या बँकेत घ्या. बहुतेक कंपन्या विनंती केली की ऐकतात. भाडं आणि फी तिथूनच जाऊ द्या. आणि जुन्या बँकेला तोंड चुकवू नका, हप्ते बसवून मागा. मी उशिरा मागितले, तरी मिळाले.

चुकीने पैसे वळते झाले असतील तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

कागद इंग्रजीत असतात, अक्षर बारीक असतं. सहीआधी माझ्याकडे घेऊन या, रविवारी सकाळी मी घरीच असतो. बसून वाचू.