‘गेट’चा अर्थ कसा लावावा: कोश नंतर, पुढचा शब्द आधी

‘लागणे’ या क्रियापदाचा एकच अर्थ सांगा, असं कुणी म्हटलं तर आपण अडतो. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, वाटेत नदी लागते. अर्थ ठरतो सोबतच्या शब्दावरून. इंग्रजीतल्या ‘गेट’ (get) या क्रियापदाचंही तसंच आहे. कोशात त्याचे अर्थ पानभर भरतात. ते पाठ करण्यात काही हशील नाही.

मूळ अर्थ साधा: हाती येणे, मिळवणे. व्हायकिंग लोकांबरोबर स्कँडिनेव्हियाची जुनी नॉर्स भाषा इंग्लंडात आली, तिच्यातल्या ‘गेटा’वरून हा शब्द आला. जुन्या इंग्रजीत त्याचा भाऊबंद होता, पण तो सहसा उपसर्गाला चिकटूनच वावरे. ‘फरगेट’ आणि ‘बिगेट’ ही त्याचीच रूपं. जुन्या इंग्रजीत या ‘ग’चा उच्चार ‘य’सारखा होई, आजचा खणखणीत ‘ग’ नॉर्समुळे आला. आणखी मागे गेलं की लॅटिनमधलं ‘प्रेहेंडेरे’, म्हणजे पकडणे, हे नात्यातलं निघतं. ‘कॉम्प्रिहेंड’, म्हणजे समजणे, त्यातूनच आला. म्हणून ‘आय गेट इट’ म्हणजे ‘समजलं’ यात नवल नाही. आपणही विषय ‘ग्रहण’ करतो, मुद्दा ‘पकडतो’.

आता वाक्य समोर आलं की काय करायचं?

आधी ‘गेट’च्या लगेच पुढचा शब्द पाहा. वस्तू असेल तर मिळणे, मिळवणे, आणणे: ‘आय गॉट अ लेटर’. विशेषण असेल तर अवस्था बदलते: ‘गेट वेट’ म्हणजे भिजणे, ‘गेट टायर्ड’ म्हणजे दमणे, ‘गेट अँग्री’ म्हणजे रागावणे. इथे ‘होणे’ डोक्यात ठेवलं की पुरतं. ठिकाण असेल तर पोहोचणे, आणि ठिकाणाआधी ‘टु’ येतो: ‘गेट टु द स्टेशन’. मात्र ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्याआधी ‘टु’ नको, कारण त्यांत ‘-ला’ आधीच मुरलेला आहे. ‘गेट टु होम’ ही हमखास होणारी चूक.

‘टु’च्या पुढे क्रियापद आलं तर मागेही पाहा. ‘आय गॉट टु मीट हर’ म्हणजे तिला भेटायला मिळालं. ‘आय हॅव गॉट टु मीट हर’ म्हणजे तिला भेटायलाच हवं. एका ‘हॅव’ने संधीची सक्ती होते. बोलताना हा ‘हॅव’ आखडून ‘व्ह’ एवढाच उरतो, कधी तोही गळतो आणि ‘गॉटा’ ऐकू येतं. ते बहुधा सक्तीचंच समजावं.

मधे माणूस किंवा वस्तू आली तर क्रम सांभाळा. सर्वात जास्त घोळ इथे होतो. केस न्हाव्याने कापले असतील तर ‘आय कट माय हेअर’ म्हणू नये. त्याचा अर्थ स्वतःच कात्री चालवली असा होतो. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणजे कापून घेतले. वस्तू आधी, क्रियापदाचं तिसरं रूप नंतर. मराठीत ‘कापून घेतले’ सलग येतं, म्हणून जीभ ‘गॉट कट माय हेअर’कडे वळते, ते चूक. हीच रचना अपघातालाही चालते: ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’, बोट दारात सापडलं. बोट काही कुणी मुद्दाम चेमटून घेत नाही. हेतू होता की नाही ते प्रसंगावरून ओळखायचं.

माणसाकडून काम करवून घेतलं असेल तर ‘टु’ हवा: ‘आय गॉट हिम टु साइन’. ‘मेड’ असेल तर ‘टु’ जातो: ‘आय मेड हिम साइन’. मराठीत दोन्हीकडे ‘सही करायला लावली’ म्हणता येतं, पण पहिल्यात गळ घालणं, पटवणं आहे, दुसऱ्यात जबरदस्ती.

लगेच पुढे तिसरं रूप आलं तर घटना समजा. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ याचे दोन अर्थ निघतात: काच फुटलेली होती, किंवा फुटली. ‘गॉट ब्रोकन’ म्हटलं की फुटण्याची घटनाच. तसंच ‘शी इज मॅरिड’ ही स्थिती, ‘शी गॉट मॅरिड’ हे लग्न. लग्न कुणाशी, हे सांगताना ‘टु’ लावा, ‘विथ’ नाही.

‘ऑन’, ‘ऑफ’, ‘ओव्हर’ अशी शेपटं लागली की मात्र जोडी अख्खी शिकावी लागते. बस, रेल्वे, विमान, सायकल यांना ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’; मोटारीला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. बसमधून उतरण्याला आपण सर्रास ‘गेट डाउन’ म्हणतो. इंग्लंड-अमेरिकेत तिथे ‘गेट ऑफ’च म्हणतात. ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे मनातून काढून टाक, आणि ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे एकदाचं उरकून टाक. शब्दांची एवढीशी हलवाहलव, पण सल्ला निराळा.

राहिलं तिसरं रूप. ब्रिटनमध्ये ‘गॉट’, अमेरिकेत बहुतेकदा ‘गॉटन’. ‘गॉटन’ जुनंच आहे; ब्रिटनमध्ये ते मागे पडलं, ‘फरगॉटन’सारख्या शब्दांत उरलं. अमेरिकी माणूस ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणाला तर त्याने गाडी मिळवली, ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणाला तर ती त्याच्याकडे आहे. ब्रिटिश दोन्हीकडे ‘गॉट’ वापरतात. लिहिताना एकच पद्धत धरा, आणि औपचारिक अर्जात ‘गेट’ऐवजी ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’ किंवा ‘बिकम’ घ्या.