वाचनालयाच्या जुन्या इमारतीचा इतिहास कसा शोधावा

संस्थेचं वय आणि इमारतीचं वय एक नसतं. शताब्दी स्मरणिकांमधली निम्मी गडबड इथेच होते. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, पण तेव्हा त्याचं नाव नेटिव्ह जनरल लायब्ररी होतं. आजच्याच नावाने जुनी कागदपत्रं धुंडाळली तर हाती काही लागत नाही. म्हणून वहीत आधी तीन रकाने आखा: संस्था, जागा, वास्तू. मिळालेली प्रत्येक तारीख पुराव्यासह योग्य रकान्यात लिहा.

सुरुवात इमारतीपासून करा. कोनशिला बांधकामाची सुरुवात सांगते, उद्घाटनाची पाटी शेवट. पैसे संपले की मध्ये काही वर्षं सहज जातात. अक्षरं पुसट असतील तर अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने, दगडालगत धरून फोटो घ्या. अ‍ॅसिड किंवा तारेचा ब्रश लावू नका, उरलीसुरली अक्षरंही जातात. सन शके असेल तर ७८ मिळवा. मात्र जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथीला ७९. शके १८२० चा चैत्र १८९८ मध्ये येतो, फाल्गुन १८९९ मध्ये.

दोन भिंती मिळतात तिथे दगड एकमेकांत गुंतलेले नसतील आणि सरळ उभी फट दिसत असेल, तर तो भाग बहुधा मागाहून जोडलेला. मंगलोरी कौलावर कारखान्याचं नाव असतं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कारखाना १८६५ चा, तेव्हा त्या नावाचं कौल त्याआधीचं नाही. पण कौलं बदलली जातात. त्यावरून इमारतीचं वय ठरवू नका.

मग कपाटातली कागदपत्रं. सभेच्या इतिवृत्तात ठराव सापडतो, काम झालंच असं नाही. जमाखर्चाची वही जास्त भरवशाची: चुना, सागवान, गवंड्यांची मजुरी ज्या महिन्यांत पडली, त्या महिन्यांत बांधकाम चालू होतं. मोडीतल्या नोंदी जाणकाराकडून वाचून घ्या.

जागेसाठी शहरात नगर भूमापन (सिटी सर्व्हे) क्रमांक घेऊन मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उतारा काढा. गावात सातबारा आणि त्यावरचे सगळे जुने फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी. जुनं क्षेत्र चौरस वारात असेल तर ०.८३६ ने गुणून चौरस मीटर करा. तरीही आकडे जुळले नाहीत तर रस्तारुंदीत जागा गेली का ते पाहा. खरेदीखत किंवा बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडच्या सूचीवरून शोधता येतं.

धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीत विश्वस्तांची नावं आणि स्थावर मिळकत दिसते. तिथली नोंदणीची तारीख १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानंतरची, आणि सरकारमान्यतेची १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतरची असू शकते. दोन्ही चुकून स्थापनेच्या तारखा म्हणून छापल्या गेल्याचं दिसतं.

जीर्ण वह्या झेरॉक्सवर दाबू नका, पाठ तुटते. वरून मोबाइलने फोटो काढा, पानाशेजारी पट्टी ठेवून. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक पिवळा पडून शाई खातो.