मोत्याची कडक भाकरी
आमच्या मोत्या कुत्र्याला कडक भाकरी भारी आवडते, पण विकतच्या भाकरीत मीठ असतं, म्हणून त्याची मी घरीच करते. एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट. गरम पाण्यात मळून पातळ थापायची. तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर पार कडक होऊ द्यायची. इथं घाई नको. माझा पहिला अख्खा डबा बुरशीनं गेला, आतून ओली राहिली होती. गार झाल्यावर बोटभर तुकडे मोडा. दिवसाला दोन पुरेत. सोबत आपली शेंगाचटणी मात्र कितीही मागितली तरी नाही. तिच्यातला लसूण कुत्र्याला बाधतो, कांदाही तसाच. मोत्या तुकडा घेऊन थेट जुन्या सोलापुरी चादरीवर जातो, मग चुरा झटकत बसा!