रोज जवळ बाळगायचं पिस्तूल: आधी हात बघा, मग मॉडेल
पिस्तूल निवडताना बहुतेक जण कॅलिबरवरून (गोळीच्या व्यासावरून) वाद घालत बसतात. त्याआधी पकड बघा. रिकामं पिस्तूल नीट धरल्यावर तर्जनीचं टोकाचं पेर ट्रिगरवर सहज टेकलं पाहिजे. त्यासाठी पकड फिरवावी लागत असेल तर ते तुमच्या मापाचं नाही. अगदी छोटं पिस्तूल लपवायला बरं, पण धक्का जास्त देतं आणि सराव नकोसा होतो.

विसंबण्याआधी रेंजवर २०० गोळ्या तरी झाडा, काही रोज भरणार त्याच प्रकारच्या. अडकलं तर मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) बदलून पाहा. दोष बरेचदा तिथेच असतो. मनगट सैल असलं तरी झाडलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल अडकतं.

होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) कडक हवं, ट्रिगर पूर्ण झाकणारं. घात होतो तो पिस्तूल परत ठेवताना: शर्टाचं टोक किंवा जाकिटाची दोरी आत शिरते आणि ट्रिगर ओढला जातो. बाहेर काढण्याची घाई एकवेळ समजेल, ठेवण्याची कसली? कपडा बाजूला, बोट ट्रिगरपासून लांब, नजर होल्स्टरच्या तोंडावर.

रिकामं करताना आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढा. क्रम उलटला तर नवं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) जातं, मॅगझिन नंतर निघतं आणि आपण निर्धास्त! म्हणून चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळीनेही चाचपा. आणि एकच काडतूस रोज भरत-काढत राहिलात तर गोळी टरफलात मागे दबते, झाडताना दाब धोकादायक वाढतो. शेजारी नवं काडतूस उभं करून उंची ताडा. आखूड दिसलं की ते बाद.