वाचनालयाचा ईमेल सुरू करायचाय? पहिला मेल पाठवायच्या आधीची तयारी

हे लिहितोय ते गावातल्या, तालुक्यातल्या सार्वजनिक वाचनालयांसाठी. म्हणजे जिथे ग्रंथपाल एक, मदतीला एखाद-दोन माणसं, सभासद पाच-सातशे आणि आयटी विभाग म्हणजे कार्यकारी मंडळातल्या कुणाचा तरी भाचा. विद्यापीठाच्या ग्रंथालयांना हे सांगायची गरज नाही, त्यांच्याकडे माणसं असतात. आपल्याकडे काय होतं, की सभेत कुणीतरी म्हणतं आता सगळं ऑनलाइन करूया, लगेच एक जीमेल अकाउंट निघतं, सगळ्यांना शुभेच्छांचा एक मेल जातो, आणि मग सभासदांनी त्याला दिलेली उत्तरं तशीच न वाचता पडून राहतात. पाठवायची घाई सगळ्यांना असते, आलेलं रोज वाचणार कोण हे कुणी ठरवत नाही. म्हणून यादीतली पहिली गोष्ट हीच: रोज सकाळी देवघेव सुरू व्हायच्या आधी इनबॉक्स कोण उघडणार आणि तो माणूस रजेवर असला तर कोण, ही दोन नावं कागदावर लिहा. नावं ठरत नसतील तर बाकीची तयारी करूच नका, खरंच, फलकावर फोन नंबर लावलेला बरा.

व्हॉट्सॲप ग्रुप आहे की, मग ईमेल कशाला, हा प्रश्न सभेत येणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा. ग्रुपवर प्रत्येक सभासदाचा नंबर सगळ्यांना दिसतो, महिला सभासदांना तो प्रकार नको असतो, शिवाय सुप्रभातच्या फुलांखाली आपली सूचना तासाभरात गाडली जाते आणि दोन वर्षांपूर्वी कुणाला काय कळवलं होतं ते शोधायला गेलं तर सापडत नाही. ग्रुप बंद करा असं नाही, पण व्यवहाराचं बोलणं मेलवर.

आता अकाउंट. आधीपासून एखादं असेल तर ते कुणाच्या नंबरवर उघडलंय ते आजच बघा. बऱ्याच ठिकाणी ते जुन्या चिटणीसांच्या किंवा सोडून गेलेल्या लिपिकाच्या मोबाइलवर निघतं, ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि तो माणूस आता मुलाकडे बंगळुरूला असतो. रिकव्हरीचा नंबर वाचनालयाच्या स्वतःच्या सिमचा हवा आणि ते सिम दर महिन्याला कुणीतरी रिचार्ज करायला हवं, ही सुद्धा यादीतलीच गोष्ट. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करा, त्यात गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते छापून पाकिटात घाला आणि जिथे दाखल नोंदवही ठेवता त्याच कपाटात कुलपाखाली ठेवा. पासवर्ड भिंतीवर चिकटवायचा नाही (हसू नका, बघितलंय). हे अकाउंट संस्थेचं आहे असा मंडळाचा ठराव करून घ्या, आणि ग्रंथपाल बदलताना चार्जच्या यादीत किल्ल्या, शिक्के, रोकड वही लिहितो तशी ईमेल अकाउंटची पण एक ओळ घाला. आणि दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल असं निष्क्रिय अकाउंट काढून टाकू शकतं, जुनी पत्रं, ड्राइव्हवरचे स्कॅन सगळं त्याच्याबरोबर जातं. जागाही फुकटात १५ जीबीच मिळते आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो मिळून.

माझ्या मते दोन पत्ते करावेत. एक कार्यालयाचा, ज्यावर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाची पत्रं, वार्षिक अहवाल, अनुदान, ऑडिट हे सगळं येतं, आणि दुसरा सभासदांसाठी. एकाच डब्यात दोन्ही आलं की अनुदानाचं पत्र "ती नवीन कादंबरी आली का हो" अशा पंचवीस मेलच्या खाली जातं. स्वतःचं डोमेन (संस्थेच्या नावाचा वेब-पत्ता) घेतलं असेल तर ते संस्थेच्या नावावर आहे ना ते तपासा, वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर नको, आणि त्याच्याकडून एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी करून घ्या, मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे त्यांवरून समोरच्याला कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने यातलं निदान एक तरी सगळ्या पाठवणाऱ्यांना सक्तीचं केलंय, नसेल तर मेल स्पॅममध्ये जातो किंवा पोचतच नाही.

पत्ते गोळा करणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळं तिथेच बिघडतं. सभासद अर्जावर ईमेलची ओळ असतेच, पण हस्ताक्षरात एल आहे की एक, अंडरस्कोर आहे की डॅश, हे देवालाच ठाऊक. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे काउंटरवर आलेल्या सभासदाला सांगायचं, तुमच्याच फोनवरून वाचनालयाच्या पत्त्यावर एक मेल टाका, त्यात फक्त सभासद क्रमांक लिहा. पत्ता बिनचूक मिळतो आणि आपला पत्ताही त्यांच्या फोनमध्ये जातो, त्यामुळे पुढे आपले मेल स्पॅममध्ये जायची शक्यता कमी होते. काउंटरवर एक क्यूआर छापून ठेवला तर तेवढंही टाइप करायला लागत नाही. ज्यांच्याकडे ईमेल नाही अशा ज्येष्ठ सभासदांना नातवाचा पत्ता द्यायला लावू नका, त्यांना फोन करा, पोस्टकार्ड टाका, जे चालू आहे ते चालूच ठेवा.

पत्ता घेताना संमती वेगळी घ्या, अर्जावर तीन चौकोन पुरतात: पुस्तकाची मुदत आणि राखीव पुस्तकं, कार्यक्रम आणि व्याख्यानमाला, दिवाळी अंक योजना. काहींना फक्त पहिलंच हवं असतं, त्यांना कविसंमेलनाचं निमंत्रण पाठवून वैताग आणू नका. बालविभागाच्या मुलांचे पत्ते घ्यायचे नाहीत, पालकांचे घ्या, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहेच. आणि ही यादी एकाच ठिकाणी, संस्थेच्या अकाउंटमधल्या गूगल शीटवर (ऑनलाइन तक्ता): सभासद क्रमांक, नाव, पत्ता, संमती कशाला, कधी दिली. यादीच्या प्रती कुणाच्या पेनड्राइव्हवर फिरायला लागल्या की निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी ती मागायला येतं, तेव्हा नाही म्हणता आलं पाहिजे.

मग येतं देवघेवीचं सॉफ्टवेअर. कोहा असेल, एनआयसीचं ई-ग्रंथालय असेल, आणखी काही असेल, त्यात सभासदाच्या नोंदीत ईमेलचा रकाना असतो आणि तो बहुतेक रिकामा असतो, तो शीटवरून भरून घ्या. कोहाबद्दल थोडं जास्त सांगतो कारण तिथेच लोक अडकतात. त्यात मुदतीच्या आधीची आठवण, मुदत टळल्याची नोटीस, राखीव पुस्तक आल्याची सूचना हे सगळं तयार आहे, पण मजकूर इंग्रजीत असतो, तो नोटिसेस अँड स्लिप्समध्ये जाऊन मराठीत लिहून घ्यायचा. लिहिलं, सेटिंग केलं, तरी मेल जात नाहीत, का? कारण मेल आधी रांगेत पडतात आणि ठरावीक वेळी एक जॉब (आपोआप चालणारं काम) चालून ती रांग रिकामी करतो, आणि तो जॉब लावलाय रात्री दोनला, आणि आपला पीसी संध्याकाळी शटर ओढताना शिपाईकाका मेन स्विचवरूनच बंद करतात. सर्व्हर वाचनालयातच असेल तर जॉबची वेळ सकाळी अकराची ठेवा, विषय संपला. मेल जीमेलमार्फत जाणार असतील तर नेहमीचा पासवर्ड टाकून चालत नाही, ते गूगलने २०२२ च्या मे अखेरीला बंद केलं, टू-स्टेप चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. बसवून देणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो तुमच्या इंटरनेटला दोष देत बसेल.

आणि थांबा, मुदत टळल्याच्या नोटिसा चालू करायच्या आधी जुनी येणी साफ करा. बारा-पंधरा वर्षांपूर्वीचं पुस्तक कधीच परत आलंय पण नोंद निघाली नाही, असं प्रत्येक वाचनालयात असतं. बटण दाबलं की अशा सगळ्यांना एकदम नोटीस जाते, त्यात वारलेले सभासदही असतात, आणि तो मेल त्यांच्या मुलीला मिळतो. यादी छापा, कपाटात जाऊन पुस्तकं बघा, जी आहेत ती जमा करा, जी खरंच गेलीत ती मंडळापुढे ठेवून निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून कमी करा. दोन-तीन आठवडे जातील, जाऊ देत.

सॉफ्टवेअरच नाही असं असेल तरी चालतं, शीट आणि हाताने लिहिलेले मेल पुरतात. फक्त सगळ्यांना एकच मेल पाठवताना पत्ते बीसीसीतच टाका (तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत), टू मध्ये नाही, नाहीतर सातशे जणांचे पत्ते सातशे जणांकडे गेले आणि वर सगळे रिप्लाय ऑल करून अभिनंदन करत बसले. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांच्या वर जात नाही, तेव्हा गठ्ठे पाडून दोन दिवसांत पाठवायचं.

मजकूर आधीच लिहून जीमेलच्या टेम्प्लेट्समध्ये ठेवा, ऐन वेळी लिहिलं की सरकारी नोटीस तयार होते. "आपणांस कळविण्यात येते की विहित मुदतीत" वगैरे नको. विषयाच्या ओळीत वाचनालयाचं नाव आणि तारीख, बास: "नगर वाचनालय: पुस्तक १४ तारखेपर्यंत परत". पुस्तकाचं नाव विषयात घालू नका, ते आत घाला. फोन घरात चार जण हाताळतात, लॉक स्क्रीनवर विषय दिसतो, कुणी घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेलं असेल, कुणी आजारावरचं, ते सासूबाईंना आपल्याकडून कळायचं कारण नाही. आत लिहायचं असं: "नमस्कार ताई, तुम्ही नेलेलं अमुक पुस्तक १४ तारखेला परत करायचंय. वाचून व्हायचं असेल तर याच मेलला 'मुदतवाढ' एवढंच लिहून पाठवा, दुसऱ्या कुणी मागितलेलं नसेल तर वाढवून देऊ." ताई की दादा की काका हे सॉफ्टवेअरला कळत नाही, तिथे नुसता नमस्कार ठेवा. विलंब शुल्क, वर्गणी मेलमधल्या लिंकवरून कधीच मागू नका आणि तसं प्रत्येक मेलच्या तळाशी लिहाही, "वाचनालय मेलवरून पैसे मागत नाही, वर्गणी काउंटरवरच", म्हणजे उद्या कुणी आपल्या नावाने खोटा मेल पाठवला तर सभासद सावध राहतील.

फॉन्टचं विसरू नका. डीटीपीवाल्याकडून आलेली सूचना श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असते, ती मेलमध्ये चिकटवली की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडमध्येच टाइप करा. फलकाचा फोटो काढून पाठवणं तर नकोच, अंध सभासदांचा स्क्रीन रीडर फोटो वाचू शकत नाही आणि नंतर शोधायला गेलात तर तुम्हालाही सापडणार नाही.

आता ज्या कामासाठी मला स्वतःला ईमेल सगळ्यात जास्त आवडतो ते, संदर्भसेवा. जुन्या वाचनालयांत दिवाळी अंकांचे, मासिकांचे बांधीव खंड असतात आणि त्यासाठी पुण्या-मुंबईहून, न्यू जर्सीहून मेल येतात, माझ्या आजोबांची कथा साठच्या आसपास एका अंकात आली होती, मिळेल का. अशा मेलसाठी एक उत्तर तयार ठेवा, ज्यात आपणच उलट विचारतो: लेखकाचं नाव कसं छापलं असेल, अंदाजे कोणती वर्षं, कोणतं मासिक, आणखी कुठे शोधलंत. आणि तीन दिवसांत कळवू असं लिहा, आज कळवू असं नाही. सापडलं तर पानं स्कॅन करून पाठवता येतात, पण नियम आधी ठरवा. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे लेखक वारला ते वर्ष सोडून पुढची साठ वर्षं पूर्ण झाली असतील तर त्याचं हयातीत छापलेलं साहित्य मोकळं आहे. तेवढी वर्षं झाली नसतील तर स्वतःच्या अभ्यासापुरती थोडी पानं, अख्खं पुस्तक नाही, आणि दुकानात मिळणाऱ्या पुस्तकाची पीडीएफ तर कुणीही कितीही ओळखीचा असला तरी नाही. खंड उघडून दाबू नका, शिवण जाते, वरून फोनने फोटो काढलेला चालतो. जीमेलवर २५ एमबीच्या वर जोडता येत नाही, मोठं असेल ते ड्राइव्हच्या लिंकने जातं. आलेल्या प्रत्येक प्रश्नाची एका वहीत नोंद ठेवा, कोणी काय विचारलं आणि काय मिळालं, वार्षिक अहवालात लिहायला हीच नोंद कामाला येते.

वार्षिक सभेची नोटीस मेलवर पाठवून कागद वाचवायचा विचार असेल तर आधी संस्थेची घटना काढून वाचा. त्यात नोटीस कशी द्यायची ते लिहिलेलं असतं, पोस्टाने म्हटलं असेल तर मेल ही वरची आठवण झाली, नोटीस नाही.

सुरुवात मार्चमध्ये करू नका, तेव्हा ऑडिट, आणि दिवाळीच्या तोंडावरही नको. आधी मंडळाच्या लोकांना आणि आपल्याच घरच्यांना चाचणीचे मेल पाठवा, जीमेलवर, याहूवर, आणि रेडिफमेलवर नक्की, निवृत्त शिक्षकांचे पत्ते अजून तिथेच असतात. मराठी नीट दिसतंय का, फोनवर आणि पीसीवर दोन्हीकडे, उत्तर दिलं तर ते आपल्या इनबॉक्सला येतंय का बघा. साप्ताहिक सुट्टीचं आणि वेळांचं आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवा. मग रोज येणारे तीस-चाळीस सभासद घ्या, त्यांचं ठीक चाललं की बाकीचे. परत आलेले मेल त्याच दिवशी शीटवर लाल करा आणि तो सभासद पुस्तक बदलायला आला की काउंटरवरच पत्ता दुरुस्त करून घ्या. पहिले पंधरा दिवस प्रत्येकाला विचारत राहा, मेल मिळाला का, नाही म्हणाले तर त्यांच्या फोनमधला स्पॅम त्यांनाच तिथल्या तिथे उघडून बघायला सांगा.