सेकंडहँड सायकल बघायला जाताना टेप खिशात ठेवा

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कितीतरी सायकली धूळ खात पडलेल्या असतात, अर्ध्या किमतीत मिळतात पण, आणि साइज विचारला की मालक सांगतो "सव्वीसची आहे". अहो, सव्वीस हा चाकाचा साइज झाला, आपल्याला बसणार की नाही ते फ्रेमवर ठरतं. मी हे न कळताच घोडबंदर रोडवरून मोठ्या फ्रेमची हायब्रिड (रोड सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली) उचलली, स्वस्त मिळाली म्हणून खूश, आणि येऊरचा चढ दोनदा मारल्यावर मान आखडली, तळहात बधिर.

तर आधी घरी मोजा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट दाबा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. त्या आकड्याला 0.883 ने गुणलं की सीटची अंदाजे उंची मिळते, क्रँक म्हणजे पॅडलचा दांडा ज्या बोल्टभोवती फिरतो तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत. माझं माप 76 सेमी, म्हणजे सीट साधारण 67 वर.

तिथे गेल्यावर पहिलं काम, सीट त्या उंचीला आणायची. सीटच्या दांड्यावर एक रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसायला लागली तर फ्रेम तुम्हाला लहान आहे, विषय संपला. आणि दांडा हलतो का ते मालकासमोरच बघा, आपल्या दमट हवेत तो असा जाम होतो की नंतर मेकॅनिकपण हात जोडतो! मग टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली न्या, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, चवडा ठेवला की गुडघा जरासा वाकलेला. समोरच्या आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभे राहिलात तर दांडा आणि जांघ यांच्या मध्ये 2-3 सेमी जागा पाहिजे, एमटीबीला म्हणजे डोंगरी सायकलला 5 तरी, पण दांडा उतरता असेल तर या टेस्टवर फार जाऊ नका.

हँडलपर्यंतचं अंतर हीच खरी गोची, माझं तिथेच फसलं. कोपर ताठ होत असेल तर छोटा स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) टाकून एक-दोन सेमी जवळ येतं, त्याहून जास्त हवं असेल तर सोडा, आणि सीट पुढे सरकवून जुळवायला जाऊ नका, गुडघे बोंबलतील.

गेटपर्यंतची चक्कर नको, पंधरा मिनिटं चालवा, आणि रोज जे बूट घालणार तेच घालून जा, मी चपलेत गेलो होतो.